इनटेक आधी की ट्यून? टर्बो गाडी घेतलेल्या नवख्यांसाठी

गाडी घेऊन वर्ष-दोन वर्षं झाली की हा किडा डोक्यात शिरतो. कुणाच्या तरी बॉनेटखाली लाल शंकूसारखा फिल्टर दिसतो, पाय दाबला की फुस्कारा ऐकू येतो, आणि आपण रात्री बसून 'कोल्ड एअर इनटेक', म्हणजे इंजिनाला बाहेरची थंड हवा पुरवणारा पाइप-फिल्टर, शोधायला लागतो. दुकानदाराला पाइप आणि फिल्टर विकायचा असतो, ट्यूनरला फाइल, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात (ईसीयू) घालायचं बदललेलं सॉफ्टवेअर; ते घालणं म्हणजेच 'ट्यून'. पंधरा-वीस अश्वशक्ती दोघंही वाढवून देतात, तोंडी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडच्या टर्बो गाड्यांत ताकद येते ती ट्यूनमधून. इनटेकमधून मुख्यतः आवाज येतो. टर्बो नसलेल्या गाडीत दोन्हींतून जे मिळतं ते इतकं थोडं असतं, की त्या पैशांत चांगले टायर घ्यावेत. हे पटत असेल तर पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. पटत नसेल तर निदान दुसऱ्या पायरीतली मोजणी करून पाहा, ती फुकट आहे.

पायरी १ : आपलं इंजिन कोणत्या जातीचं ते ओळखा

टर्बो नसलेलं इंजिन बाहेरच्या हवेच्या दाबावरच श्वास घेतं. कंपनीने त्यातून मिळण्यासारखं बहुतेक सगळं काढलेलं असतं. चांगल्या ट्यूननेही चार-पाच टक्के वाढ मिळाली तर खूश व्हायचं. वॅगन-आर किंवा टर्बो नसलेली स्विफ्ट असेल तर हा लेख इथेच सोडलात तरी चालेल.

टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा, आणि ती किती दाबाने भरायची हे ईसीयूमधली फाइल ठरवते. कंपनी तिथे हातचं राखते: भेसळीचं पेट्रोल, विदर्भातला ४५ अंशांचा उन्हाळा, सर्व्हिसिंग चुकवणारा मालक, प्रदूषणाचे निकष, वॉरंटीचा खर्च. ट्यूनर या राखून ठेवलेल्या जागेतूनच ताकद काढतो. म्हणजे ती फुकट आलेली नसते. कंपनीने कशासाठी तरी बाजूला ठेवलेली गोष्ट आपण वापरायला काढतो, एवढं डोक्यात असू द्या.

"हेच इंजिन दुसऱ्या गाडीत जास्त ताकद देतं, मग माझ्यातच का नाही?" हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो. फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन आठवा. स्विफ्टमध्ये ते ७५ पीएस (म्हणजे अश्वशक्तीच) द्यायचं, एर्टिगा-सियाझमध्ये ९० पीएस. पण ९० वाल्यात टर्बोच वेगळा होता, पाती हलवून स्वतःला जुळवून घेणारा. फरक नुसत्या फाइलचा नव्हता. त्यामुळे मोठा आकडा बघून "सॉफ्टवेअरनेच होतं सगळं" असं म्हणणाऱ्याकडे जरा सावधपणे बघा.

पुढे उदाहरण म्हणून मी चाकणला बनणाऱ्या १.० टीएसआय (एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन) गाड्या घेतो: टायगुन, व्हर्टस, कुशाक, स्लाव्हिया. मूळ ताकद ११५ पीएस, टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, १७८ न्यूटन मीटर. नवखे बहुधा इथूनच सुरुवात करतात.

पायरी २ : बॉनेट उघडा आणि पाइप कुठे जातो ते बघा

काही विकत घेण्याआधी एअर फिल्टरच्या डब्यापासून उलट दिशेने हात फिरवत जा. बहुतेक आधुनिक गाड्यांत हवा घेणारं तोंड पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या वरच्या अंगाला असतं. म्हणजे ती बाहेरचीच थंड हवा घेते आणि बंद डब्यातून नेते. थोडक्यात, कोल्ड एअर इनटेक तुमच्याकडे आधीच आहे. काळ्या प्लास्टिकचा असल्यामुळे त्याचं कुणाला कौतुक नाही, इतकंच.

आता मोजणी. साधा ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी पोर्टला लावायचं छोटं यंत्र) आणि मोबाइलवरचं अ‍ॅप पुरतं. हायवेवर ८०च्या आसपास स्थिर चालवा आणि इनटेकच्या हवेचं तापमान बाहेरच्या तापमानाशी ताडून बघा. फरक पाच ते दहा अंशांचा असेल तर सुधारायला फारसं काही नाही. हवा तीन अंशांनी थंड झाली की ती साधारण एक टक्का घट्ट होते. दहा अंश वाचवले तरी हिशेब तीन टक्क्यांच्या आसपास येतो, आणि तोही टर्बोच्या अलीकडचा. सिग्नलला उभं असताना आकडा चढतो त्याला घाबरू नका, तो चढणारच. टर्बो गाडीत हा सेन्सर काही वेळा इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) नंतर बसवलेला असतो, तेव्हा कुठलं तापमान वाचतोय ते आधी विचारून घ्या.

टर्बो गाडीत आणखी एक भानगड आहे. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती चांगलीच तापते, शंभर अंशांच्या वरही जाते, आणि मग इंटरकूलर तिला थंड करतो. टर्बोच्या अलीकडे वाचवलेले पाच-सात अंश या गडबडीत बरेचसे विरून जातात. म्हणून टर्बो गाडीत थंड हवेवर पैसे घालायचेच असतील तर ते मोठ्या इंटरकूलरवर घालणं जास्त शहाणपणाचं. तो दिसत नाही, आवाज करत नाही, म्हणून त्याचे फोटो कुणी टाकत नाही.

पायरी ३ : तरीही इनटेक हवाच असेल तर

बाजारात तीन प्रकार सापडतील. पहिला, मूळ डब्यातच बसणारा बदली फिल्टर. के अँड एन किंवा बीएमसीचे असे फिल्टर साधारण पाच ते आठ हजारांत येतात. दुसरा, आखूड पाइपवर उघडा शंकू. तिसरा, लांब पाइप घालून फिल्टर खाली बंपरच्या किंवा फेंडरच्या आत नेणारा, म्हणजे खरा कोल्ड एअर इनटेक. त्याचाच सभ्य भाऊ म्हणजे बंद डब्यातला इनटेक.

उघडा शंकू घेऊ नका. तो इंजिनाशेजारची गरम हवा ओढतो, नाव मात्र थंड हवेचं सांगतो. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये बॉनेटखाली काय तापमान असतं ते पायरी दोनमध्ये तुम्ही पाहिलंच असेल.

बदली फिल्टर हा नवख्यासाठी सगळ्यांत कमी धोक्याचा पर्याय. पण तोही डोळे झाकून नको. तेल लावलेल्या सुती जाळीतून हवा मोकळी जाते, तशी बारीक धूळही कागदी फिल्टरपेक्षा जास्त जाते. तुमचं रोजचं जाणं-येणं ऊसतोडीच्या दिवसांत कच्च्या रस्त्यांवरून असेल तर कागदीच ठेवा आणि वेळेआधी बदला. नवा कागदी फिल्टर काही शे रुपयांत येतो, आणि बरबटलेला जुना काढून तो घातल्यावर "गाडी हलकी झाली" असं वाटतं ते खरंच असतं. कुठलाही महागडा फिल्टर घेताना आयएसओ ५०११ चाचणीचा निकाल विचारा. नुसतं "जास्त हवा" छापलेलं असेल आणि धूळ किती अडवतो ते कुठेच नसेल, तर समजून घ्या.

सुती फिल्टर धुतल्यावर तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसतं. डिझेल गाड्यांत हा सेन्सर सर्रास असतो. टीएसआयच्या या इंजिनांत हवा दाबावरून मोजतात, त्यामुळे तिथे ही काळजी कमी. जिथे तारेचा सेन्सर आहे तिथे पाइपचा व्यास बदलला की हिशेबच बदलतो: पाइप रुंद झाला की हवेचा वेग कमी होतो, ईसीयूला हवा कमी आल्यासारखी वाटते, इंधन कमी पडतं. अशा गाडीत पाइप बदलणार असाल तर ट्यूनही लागणार, हे धरूनच चला.

आता पावसाळा. खाली बंपरमध्ये उतरवलेला फिल्टर पश्चिम किनाऱ्यावर मला अजिबात मान्य नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तितका रोज पडत नाही हे खरं, पण हिंदमाताला किंवा चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी तुंबायला त्याच्या पाव हिश्शानेही भागतं. फिल्टर पाण्यात बुडाला की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जागीच अडकतं. नेहमीच्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरलेलं नसतं, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कवच घ्यावं लागतं. आणि इनटेक बदललेला दिसला तर त्या कवचावरही वाद होऊ शकतो. कंपनीने ते तोंड जाळीच्या वरच्या अंगाला उगाच ठेवलेलं नाही.

पायरी ४ : पेट्रोल कुठलं मिळणार ते आधी ठरवा

बीएस-६ मानकात साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन ९१ होता. ई२० पेट्रोलसाठीच्या मानकात तो किमान ९५ आहे. वरच्या किमतीत स्पीड ९७, एक्सपी१०० असे प्रकार मिळतात, मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांवर.

ऑक्टेन म्हणजे ताकद नाही. दाबाखाली पेट्रोल स्वतःहून पेटायला किती विरोध करतं, त्याचं ते माप. ते अवेळी पेटलं की इंजिन नॉक करतं, आणि नॉक सेन्सरने ते ऐकलं की ईसीयू ठिणगी मागे खेचतो, म्हणजे उशिरा पाडतो. म्हणजे शंभर ऑक्टेनसाठी लिहिलेली फाइल साध्या पेट्रोलवर चालवली तर पैसे दिलेली ताकद जाते आणि इंजिनावर ताण राहतो. म्हणून फाइल नेहमी सगळ्यांत वाईट पेट्रोलसाठी लिहून घ्या. कोल्हापूरहून गगनबावड्यामार्गे कोकणात उतरताना जो पंप लागेल त्यावरचं पेट्रोल तुमचं खरं पेट्रोल. इथेनॉलमुळे अ‍ॅव्हरेज कमी होतो, कारण त्याच हवेला इंधन जास्त लागतं. ट्यूनरने हे धरलंय का, तेही विचारा.

पायरी ५ : सगळ्यांत कच्चा दुवा शोधा

इंजिन सहन करेल, पण क्लच आणि गिअरबॉक्स करतील का? चाकणच्या याच गाड्यांत १.५ टीएसआयही येतं, २५० न्यूटन मीटरचं, आणि त्याला जोडलेला सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) म्हणजे कोरड्या क्लचचा डीक्यू२००. त्या गिअरबॉक्सची ठरवलेली मर्यादाच २५० न्यूटन मीटर आहे. म्हणजे शोरूममधून बाहेर पडतानाच तो काठावर असतो. त्यावर ३०० न्यूटन मीटरची फाइल टाकून "काही होत नाही हो" म्हणणारे भेटतील. त्यांचं काही होत नाही, हे बरोबरच आहे.

१.० टीएसआयसाठी नुसत्या फाइलवर १३५-१४० पीएस आणि २१० ते २३० न्यूटन मीटर असे आकडे सांगितले जातात. मी टॉर्कच्या खालच्या आकड्यावर थांबेन. ताकद वरच्या आरपीएमला वाढली तर क्लच फारसं मनावर घेत नाही; १८०० आरपीएमला एकदम टॉर्कचा डोंगर उभा केला की त्याला जाणवतं. गाडी नेहमी पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन खंबाटकी चढणार असेल तर हे आणखी महत्त्वाचं.

पायरी ६ : ट्यूनर निवडा, फाइल नव्हे

इथे घाई करू नका. दोन मार्ग आहेत. ट्यूनिंग बॉक्स हा सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसतो आणि ईसीयूला खोटा आकडा सांगतो. लावायला-काढायला सोपा, पण इंजिनाची रखवाली करणाऱ्या ईसीयूलाच फसवायचं, ही कल्पना मला आवडत नाही. रिमॅपमध्ये ईसीयूतली फाइलच बदलतात. काही गाड्यांत ते ओबीडी पोर्टमधून होतं. नव्या, कुलूपबंद ईसीयूंना गाडीतून काढून टेबलवर उघडावं लागतं. तुमच्या गाडीत कुठली पद्धत लागेल ते आधी विचारा, कारण ईसीयू उघडला की त्याची खूण राहते.

'स्टेज १', 'स्टेज २' हे शब्द ऐकाल. साधारण अर्थ असा: स्टेज १ म्हणजे मूळ भागांवर फक्त फाइल, स्टेज २ म्हणजे इनटेक, डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप), इंटरकूलर बदलून त्यावर फाइल. हे कुठल्या सरकारी मानकात बसवलेले शब्द नाहीत. एकाचा स्टेज १ दुसऱ्याच्या स्टेज २पेक्षा तिखट असू शकतो. नवख्याने स्टेज १च्या पुढे जाऊ नये.

ट्यूनरशी बोलताना तो आधी काय विचारतो ते ऐका. गाडी किती चालली, तेल कुठलं, प्लग कधी बदलले, कुठे चालवता, असं विचारणारा माणूस चांगला. पहिल्याच वाक्यात अश्वशक्तीचा आकडा सांगणाऱ्याकडे चहा पिऊन निघावं. मग तुमचे प्रश्न: माझी मूळ फाइल वाचून मला देणार का? परत मूळ करायचे पैसे किती? टॉर्कची आणि एक्झॉस्टच्या तापमानाची मर्यादा फाइलमध्ये ठेवता की उडवता? फाइल टाकताना बॅटरीला चार्जर लावता का? हा शेवटचा प्रश्न बारीक वाटेल, पण फाइल लिहिली जात असताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू निकामी होऊ शकतो.

डायनोचा, म्हणजे रोलरवर गाडी चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख दाखवतील. कंपनीचा आकडा इंजिनाचा असतो, रोलरवर मोजतात तो चाकांवरचा, जो दहा-पंधरा टक्के कमी येतो. हा फरक 'दुरुस्त' करून हवा तो आकडा काढता येतो. म्हणून एकच मागा: माझीच गाडी, त्याच रोलरवर, त्याच गिअरमध्ये, त्याच दिवशी, आधी आणि नंतर. एका कागदावर दोन रेषा.

धूर स्वच्छ करणारा उत्प्रेरक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) किंवा डिझेलची काजळी अडवणारा डीपीएफ काढून टाकायला सुचवणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

पायरी ७ : कायदा, विमा, वॉरंटी

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडक लावला: कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळं काही करायचं नाही. कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुण्यातल्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत गाडीला जी मान्यता मिळते ती कंपनीच्या फाइलवर. तुमची फाइल तिथे गेलेली नसते. पीयूसी पास झाली म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. पेट्रोल गाडीची ती चाचणी उभ्या गाडीवर होते आणि नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाही.

वॉरंटीत असलेली गाडी ट्यून करू नका. मूळ फाइल परत टाकली तरी ईसीयूत लिहिल्याच्या खुणा राहतात आणि सर्व्हिस सेंटरच्या यंत्राला त्या दिसू शकतात. फोक्सवॅगन गटात अशा गाडीच्या नोंदीला 'टीडी१'चा शिक्का बसतो आणि इंजिन-गिअरबॉक्सचा दावा नाकारला जाऊ शकतो. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, हप्ता वाढला तरी.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी एक ओळ: तिथे इनटेकवर 'कार्ब' या तिथल्या हवा-प्रदूषण मंडळाचा मंजुरी क्रमांक (ईओ) असावा लागतो, आणि जुलै २०२१पासून स्मॉग (धुराच्या) चाचणीत ईसीयूची फाइल मूळची आहे का तेही तपासतात.

पायरी ८ : ट्यूनच्या आधी आणि नंतर

आधी पूर्ण सर्व्हिसिंग. नवे प्लग, नवा फिल्टर, नवं तेल. तेलाचं मानक मालकाच्या पुस्तिकेत असेल तेच, आणि त्यातल्या त्यात डब्यावर 'एपीआय एसपी' ही दर्जाची खूण असलेलं. कारण छोट्या, थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएमला ठिणगीआधीच मिश्रण पेटायचा धोका असतो. सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल-पेट्रोलचे थेंब त्याला कारण ठरतात, आणि एका जोरदार ठोक्यात पिस्टन फुटू शकतो. एसपी तेल २०२०पासून हे ध्यानात ठेवून बनतं. चालवतानाही लक्ष ठेवा: पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला पाय पूर्ण दाबायचा नाही, गिअर खाली घ्यायचा. ट्यून झाल्यावर "कुठल्याही गिअरमध्ये ओढते" म्हणून नेमकं हेच करावंसं वाटतं.

ब्रेक पॅड आणि टायर याच टप्प्यात बघून घ्या. घाट उतरताना जास्तीचे वीस पीएस काही मदत करत नाहीत.

नंतर पहिले पाचशे-हजार किलोमीटर डोंगल लावून ठेवा. इंधनाची दीर्घकालीन दुरुस्ती (अ‍ॅपमध्ये 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम', म्हणजे ईसीयू स्वतःहून इंधन किती कमी-जास्त करतोय) अधिक-उणे पाच टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. दहाच्या पुढे गेली तर ट्यूनरकडे परत. जोरात ओढताना ठिणगी वारंवार मागे खेचली जाते का ते बघा, विशेषतः दुपारच्या उन्हात आणि उंचावर. पुणे ५६० मीटरवर, महाबळेश्वर १,३५०च्या आसपास; हवा विरळ झाली की तोच दाब भरायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, आणि काठावर नेऊन ठेवलेली फाइल तिथे उघडी पडते. ही नोंद ट्यूनरला पाठवा. चांगला असेल तर तो फाइल थोडी मऊ करून देईल आणि त्याचे पैसे मागणार नाही.

तेल दहा-पंधरा हजारांऐवजी साडेसात हजारांना बदला. मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा, आणि गाडी विकताना ती टाकून विका किंवा घेणाऱ्याला ट्यूनबद्दल लेखी सांगा.